वॉरगेमिंगच्या पटासाठी फोम: सांगलीत कुठे शोधायचा, कसा ओळखायचा

सांगली-मिरजेत वॉरगेमिंगची आवड लागलेल्या मुलांची एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘आपल्याकडे चांगला फोम मिळतच नाही.’ स्टेशनरीच्या दुकानात जावं तर थर्माकोल नाही, आणि ऑनलाइन मागवावा तर शीटपेक्षा कुरिअरचंच बिल मोठं. माझं मत नेमकं उलट आहे. सांगलीत फोम भरपूर आहे. तो फक्त हौशी वस्तूंच्या दुकानात नाही, गारवा राखणाऱ्यांच्या धंद्यात आहे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज उभी आहेत. बेदाणा गारव्यात राहिला तरच त्याचा रंग टिकतो, आणि गारवा टिकतो तो भिंतीत आणि जमिनीत घातलेल्या फोममुळे. मग अशा जिल्ह्यात फोम दुर्मीळ कसा असेल? कुणाकडे जायचं आणि काय म्हणून मागायचं, एवढं कळलं की काम होतं.

हा खेळ ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वॉरगेमिंग म्हणजे छोट्या सैनिकांच्या बाहुल्या घेऊन टेबलावर लढायची लढाई. पटावर घरं आखलेली नसतात. टेपने अंतर मोजून सैन्य पुढे न्यायचं, फासे टाकून चकमकीचा निकाल लावायचा. डोंगर, ओढा, झाडी, तटबंदी ही नुसती सजावट नसते. चढावर चाल मंदावते, कड्याच्या आड तुकडी लपते, खिंड अरुंद असली की मोठं सैन्यही अडकतं. दिवाळीत दारात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडलेल्या माणसाला यातली मजा वेगळी समजावावी लागत नाही. मात्र दारातला किल्ला जिथे केला तिथेच राहतो. हा पट खेळ झाला की उचलून कपाटावर टाकायचा असतो, दुसऱ्याच्या घरी न्यायचा असतो. त्यासाठी हलकं, कापता येणारं आणि कोपराचा दाब सोसणारं काहीतरी हवं. ते म्हणजे फोम.

पण कोणता? दुकानात गेल्यावर चार-पाच वेगवेगळ्या वस्तूंना लोक सरसकट ‘थर्माकोल’ किंवा ‘फोम शीट’ म्हणतात. घोळ तिथेच होतो.

एकाच नावाखाली विकला जाणारा माल

आपण ज्याला थर्माकोल म्हणतो तो ईपीएस, म्हणजे फुगवलेला पॉलिस्टायरिन. पॉलिस्टायरिनच्या बारीक दाण्यांत पेंटेन नावाचा वायू असतो. वाफ दिली की दाणे फुगतात, आणि साच्यात पुन्हा वाफ दिली की एकमेकांना चिकटून ठोकळा तयार होतो. मुरमुऱ्याचा लाडू बांधल्यासारखाच तो प्रकार. म्हणून थर्माकोल मोडला की दाण्यादाण्याने मोडतो. सुरी फिरवली की पांढरे मणी उडतात, हाताला चिकटतात, घरभर होतात. दगडाचे सांधे कोरायला जावं तर रेघ सरळ येत नाही, कारण टोक दाण्याच्या कडेकडेने घसरतं.

दुसरा एक्सपीएस. कच्चा माल तोच, पॉलिस्टायरिन, पण घडण वेगळी. वितळलेल्या पॉलिस्टायरिनमध्ये दाबाखाली वायू मिसळून ते एका फटीतून बाहेर काढतात. बाहेर येताना ते फुगतं आणि एकसंध पाटी तयार होते. दाणे नाहीत, आत बारीक, बंद पोकळ्या. धारदार पात्याने कापला की कड गुळगुळीत निघते. बॉलपेनने दाबून रेघ ओढली की ती तशीच राहते आणि चिऱ्यांची भिंत तयार होते. अल्युमिनियम फॉईलचा चुरगळलेला गोळा वरून दाबत फिरवला की कातळाचा खडबडीतपणा येतो. पटाचा वरचा, दिसणारा भाग करायला याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

परदेशी व्हिडिओंत ‘पिंक फोम’, ‘ब्लू फोम’ असं सारखं ऐकू येतं. गुलाबी रंग ओवेन्स कॉर्निंग कंपनीचा, निळा मूळच्या डाऊ कंपनीच्या, आता ड्यूपाँटच्या, स्टायरोफोमचा. रंग ही कंपनीची ओळख, मालाचा दर्जा त्यावरून ठरत नाही. सांगलीत ‘गुलाबी फोम आहे का?’ असं विचारलंत तर दुकानदार तुम्हाला गादीवाल्याकडे पाठवेल. ‘एक्सपीएस शीट, पन्नास एमएम, डेन्सिटी किती?’ असं विचारलंत तर तो कॅटलॉग काढेल.

तिसरा पफ, म्हणजे कडक पॉलियुरेथेन. पफ पॅनेलच्या दोन पत्र्यांमध्ये असतो तो पिवळसर फोम. उन्हात पडून राहिला की तपकिरी होतो, चोळला की त्याची भुकटी होते. भुकटी डोळ्यांत आणि घशात चुरचुरते. करवतीने आणि पॉलिश पेपरने याला खडकाचा आकार छान देता येतो, पण मास्क लावल्याशिवाय हात लावू नका, आणि गरम तार (फोम वितळवत कापायची, विजेवर तापवलेली तार) तर याला कधीच लावायची नाही. पॉलियुरेथेन जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात.

चौथा ईपीई, टीव्ही-फ्रीजच्या खोक्यात येणारा लवचिक पांढरा फोम. दाबला की दबतो, सोडला की वर येतो. याला ना गोंद नीट धरतो ना रंग. पटासाठी सोडून द्या. फ्लेक्सवाल्यांकडचा सनबोर्ड हा पीव्हीसीचा. घरांच्या भिंती, दारं, फळ्या करायला उत्तम, डोंगरासाठी बिनकामाचा. तोही गरम तारेने कापायचा नाही, कारण तापल्यावर त्यातून आम्लाचा वायू निघतो.

भंगारात किंवा बांधकामावर एखादा तुकडा मिळाला आणि तो कशाचा ते कळेना, तर आधी कोपरा मोडून बघा. दाणे दिसले तर ईपीएस. दाणे नाहीत आणि नखाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर बहुधा एक्सपीएस. भुकटी झाली तर पफ. वाकून परत सरळ झाला तर ईपीई. तरीही शंका राहिली तर नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका. पॉलिस्टायरिन लगेच विरघळून खड्डा पडतो, पफ आणि ईपीई जसेच्या तसे राहतात. गरम तार लावण्याआधी ही परीक्षा केलीच पाहिजे, ती टाळू नका.

डेन्सिटी: विकत घेताना विचारायची पहिली गोष्ट

फोम म्हणजे बहुतांशी हवाच. थर्माकोलमध्ये तर सुमारे ९८ टक्के हवा असते. त्यामुळे शीटमध्ये खरा माल किती, हे जाडीवरून कळत नाही, वजनावरून कळतं. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, ती त्याची डेन्सिटी. इन्सुलेशनच्या, म्हणजे उष्णता अडवण्याच्या, धंद्यात भाव याच आकड्यावर ठरतो.

इन्सुलेशनचा थर्माकोल १५ पासून ३५ पर्यंतच्या डेन्सिटीत येतो. सजावटीसाठी पूर्वी मिळायचा तो त्याहूनही हलका असायचा. एक्सपीएस साधारण ३० ते ३५ च्या आसपास. ताकदीत मोठा फरक आहे. १५ च्या थर्माकोलला दहा टक्के चेपायला ढोबळमानाने ७० किलोपास्कल दाब लागतो, ३२-३५ च्या एक्सपीएसला २५० ते ३००. व्यवहारात याचा अर्थ असा, की टेबलावर वाकून पलीकडची तुकडी हलवताना तुमचा कोपर पटावर टेकला तर हलक्या थर्माकोलवर खळगा पडतो, एक्सपीएसवर पडत नाही.

दुकानदार ‘बत्तीसची आहे’ म्हणाला तर ते तपासता येतं, आणि त्यासाठी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. एक्सपीएसची शीट बहुधा १२५० बाय ६०० मिलिमीटरची असते. जाडी ५० असेल तर १.२५ गुणिले ०.६ गुणिले ०.०५, म्हणजे ०.०३७५ घनमीटर. त्याला ३२ ने गुणलं की १.२ किलो. शीट काट्यावर आडवी ठेवा, कडा कुठे टेकत नाहीत ना ते बघा. काटा १ किलो २०० ग्रॅमच्या आसपास आला तर माल सांगितल्याप्रमाणे आहे. ९०० ग्रॅम आला तर डेन्सिटी २४ च आहे, भाव त्या हिशोबाने बोला. एक मीटर बाय अर्धा मीटरची, ५० मिलिमीटर जाडीची थर्माकोलची शीट १५ डेन्सिटीला ३७५ ग्रॅम भरायला हवी. आकडा तोंडावर असलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदार वेगळ्या सुरात बोलतो.

मग जायचं कुठे

स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोल का गेला, ते आधी बघू. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. ताटं-वाट्या गेल्या, गणपतीची थर्माकोलची मखरंही गेली. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांतही सजावटीचा थर्माकोल आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो. विसर्जनानंतर नदीकाठी अडकलेले पांढरे तुकडे आपण सगळ्यांनी पाहिलेत, आणि ते कुजत नाहीत. पण इन्सुलेशनचा फोम २०२२ च्या त्या यादीत नाही, तो रीतसर बनतो आणि विकला जातो. म्हणून आपण त्या दुकानाची पायरी चढायची.

पहिला दरवाजा कोल्ड स्टोरेजचं काम घेणाऱ्या ठेकेदारांचा. इथे एक बारकावा उपयोगी पडतो. भिंतीतल्या फोमवर फारसा भार नसतो, पण जमिनीतल्या फोमवर फरशी, त्यावर रॅक, त्यावर बेदाण्याची थप्पी. म्हणून जमिनीखाली घालायला जास्त ताकदीची शीट घेतात. ‘फ्लोअरसाठी कोणती शीट वापरता, आणि तिचे कटपीस आहेत का?’ हा प्रश्न विचारा. काम चालू असलेल्या जागी मिस्त्री शीट भिंतीला लावून बघतो, खिळ्याने खूण ओढतो, करवतीने पट्टी उतरवतो आणि उरलेला तुकडा मागे टाकतो. संध्याकाळपर्यंत त्या ढिगात हातभर रुंदीचे तुकडे साठतात. ठेकेदाराला ते भरून न्यायचा खर्चच असतो. साइटवर परवानगी घेऊन जा, कामाच्या मधे उभे राहू नका, आणि खेळायला हवेत म्हणून स्पष्ट सांगा. मिस्त्री लोकांना हे ऐकायला आवडतं. बऱ्याचदा तेच चांगले तुकडे बाजूला काढून देतात.

दुसरा दरवाजा गच्चीवर वॉटरप्रूफिंग आणि उष्णतारोधक काम करणाऱ्यांचा. स्लॅबवर एक्सपीएस अंथरून त्यावर कोबा करण्याची पद्धत आहे, आणि सांगलीचा एप्रिल-मे सोसलेल्या घरमालकांना ती पटते. मोठ्या कामावर बंडलातल्या दोन-चार शीट उरतातच. विक्रेत्याकडून थेट घ्यायचं झालं तर अडचण वेगळी येते, तो बंडल फोडत नाही. यावर उपाय म्हणजे तीन-चार जणांनी मिळून बंडल घ्यायचं. फोम जागा खातो, वजन नाही, त्यामुळे ट्रान्सपोर्टवाला भाडं आकारमानावर धरतो. मागवण्याचा ताप मात्र एका शीटलाही तेवढाच आणि बंडललाही तेवढाच.

तिसरी जागा मिरज. मिरजेत दवाखाने आणि औषधांचा व्यापार मोठा. थंड ठेवायची औषधं आणि लशी जाड थर्माकोलच्या खोक्यांतून येतात. औषध वितरकाकडे विचारलं तर रिकामी, स्वच्छ खोकी मिळतात. फक्त औषधांच्या पॅकिंगचीच घ्या. दवाखान्यात नमुने किंवा इतर काही ठेवायला वापरलेल्या खोक्याला हात लावायचा नाही. या खोक्यांचा थर्माकोल दाट आणि चांगला असतो, डोंगराच्या पोटात भरायला अगदी योग्य. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमागे पडलेलं फ्रीज-वॉशिंग मशीनचं पॅकिंगही पोटातच घालायचं.

एक पट, हिशोबासकट

प्रचलित पट सहा फूट बाय चार फुटांचा. १२५० बाय ६०० च्या तीन शीट शेजारी शेजारी ठेवल्या की १८०० बाय १२५० होतात. लांबीला तीन सेंटिमीटर कमी आणि रुंदीला तेवढेच जास्त. खेळाला काही फरक पडत नाही, उगाच कापाकापी करू नका. तीन वेगळ्या फळ्या राहिल्या तर ने-आणही सोपी.

समजा उंबरखिंडीचा पट करायचाय. १६६१ मध्ये मुघल सरदार कारतलबखानाची फौज घाट उतरून या खिंडीत शिरली आणि शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला दोन्ही बाजूंनी कोंडलं. पटावर दोन लांब कडांना रानाचा चढ, मधून अरुंद वाट आणि ओढा. ओढा जमिनीच्या खाली खोदायचा असतो, म्हणून तळ ५० मिलिमीटरचा घ्या. त्यात दोन सेंटिमीटर खोल पात्र कोरलं तरी खाली तीन उरतात. २५ च्या तळात ओढा कोरलात तर फळी तिथेच मोडणार. चढासाठी आणखी दोन शीट, म्हणजे एकूण पाच.

दोनच कशा पुरतात? कारण डोंगर भरीव करायचाच नाही. वरून दिसतो तो फक्त थराचा पुढचा काठ. चार-पाच इंच रुंदीच्या पट्ट्या कापा, एकीवर एक थोडी मागे सरकवून रचा, आणि मागच्या पोकळीत औषधांच्या खोक्यांचा थर्माकोल भरा. महाग माल बाहेर, फुकटचा आत. सांधे मात्र एकावर एक येऊ देऊ नका. कोल्ड स्टोरेजचे मिस्त्रीही वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाहीत, ते गारवा निसटू नये म्हणून. आपण भेग दिसू नये म्हणून.

सह्याद्रीसाठी ही थरांची पद्धत इतकी शोभते, याला भूगोलाचा आधार आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून आपलं पठार बनलं. कठीण थराचा उभा कडा उरला, मऊ थर झिजून उतार झाला. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगराकडे लांबून बघितलं तरी पायऱ्या दिसतात. त्यामुळे प्रत्येक दुसरा थर सरळ उभा कापा आणि मधला तिरका, म्हणजे डोंगर आपल्या मुलखातला वाटतो. परदेशी व्हिडिओंतल्या गोल, हिरव्या टेकड्या इथे आणू नका.

बाहुल्यांचा आकारही आधी ठरवा. २८ मिलिमीटरच्या बाहुलीजवळ ५० मिलिमीटरचा थर म्हणजे खरा जेमतेम नऊ फुटांचा बांध. ६ मिलिमीटरच्या बाहुल्यांजवळ तोच थर पंधरा मीटरचा कडा होतो. सह्याद्रीची उंची दाखवायची असेल तर मी बेधडक लहान बाहुल्या घ्यायला सांगेन.

कापणं, चिकटवणं, रंगवणं

हाताने कापायला रुंद, मोडत जाणाऱ्या पात्याचा कटर घ्या आणि पातं सारखं नवं करत राहा. बोथट पात्याने एक्सपीएसही फाटतो. तिरके उतार गरम तारेने सुबक येतात. नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार आणि १२ व्होल्टचा पुरवठा पुरे, घरातला २३० व्होल्टचा प्रवाह थेट तारेला कधीही द्यायचा नाही. तार लाल होऊ नये. फोम तारेला न ढकलता सरकला की ताप बरोबर आहे. धूर कमी दिसला तरी त्यात स्टायरिनची अपायकारक वाफ असते, म्हणून हे काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी.

गोंदाबाबत एकच नियम लक्षात ठेवा, थिनरचा वास येणारं काहीही पॉलिस्टायरिनला लावायचं नाही. चामड्याच्या आणि रेक्झिनच्या कामाचं पिवळं रबर सोल्यूशन, पेट्रोल, ऑइल पेंट, स्प्रे कॅन, सगळी फोम खातात. पांढरं फेव्हिकॉल चालतं, पण दोन शीटच्या मधे हवाच पोचत नाही, त्यामुळे मध्यभागी ते कित्येक दिवस ओलं राहतं. म्हणून एक्सपीएसची गुळगुळीत साय आधी पॉलिश पेपरने खरवडायची, गोंद पातळ पसरायचा, बांबूच्या काड्या आरपार खुपसून थर जागेवर अडकवायचे आणि वर वजन ठेवून विसरून जायचं.

रंगाचा पहिला हात हा रंग कमी आणि चिलखत जास्त. काळा अ‍ॅक्रिलिक, त्यात फेव्हिकॉल, थोडी वॉल पुट्टी आणि चाळलेली बारीक वाळू. हा लेप वाळला की फोम कडक होतो. त्यानंतर स्प्रे मारायचाच असेल तर आधी लेप कुठे सुटलाय का ते उजेडात धरून तपासा. टाचणीएवढ्या भोकातूनही स्प्रे आत शिरून फोम पोखरतो.

पाण्याचा रंग एकाच बाजूला लावला की वाळताना ती बाजू आकसते आणि शीट धनुकलीसारखी वाकते. त्यावर दोन उपाय आहेत, आणि मी दोन्ही करायला सांगतो. शीट ६ मिलिमीटरच्या एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीवर) चिकटवा आणि पाठीलाही तोच लेप द्या. पट उन्हात ठेवू नका, एक्सपीएस उन्हाने पिवळा पडून वरून भुगा होतो. मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात नको, ७५ अंशांच्या पुढे हा फोम आकार सोडतो आणि काचेमागे तेवढी धग सहज होते.

उरलेले तुकडे जाळायचे नाहीत, पॉलिस्टायरिनचा धूर काळाकुट्ट आणि घातक असतो. बोटाएवढ्या तुकड्याचेही दगड होतात. डब्यात घालून त्यात दोन-चार खडे टाका आणि डबा जोरात हलवा, कडा झिजून गोटे तयार होतात, ओढ्याच्या काठाला लावता येतात. थर्माकोलचे मणी मात्र वाऱ्यावर सुटू देऊ नका. कापण्याआधी जमिनीवर ओली चादर अंथरा, मणी तिला चिकटतात. मग ते झटकायचे नाहीत, गोळा करून पिशवीत बांधायचे आणि पुढच्या डोंगराच्या पोटात भरायचे.